माहितीची कोठारे आणि गावाचा हक्क



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हैदराबादेतील या मराठी शाळेत अनेक पिढ्यांना गणित शिकवले. उत्तर बरोबर असले, तरी रीत मांडली नसेल तर पूर्ण गुण मिळायचे नाहीत, हा त्यांच्या वर्गाचा नियम इथल्या अनेकांना आठवत असेल. आजचा विषय मी त्याच नियमाला धरून मांडणार आहे. आपल्या शहराभोवतीच्या गावांमध्ये सध्या मोठमोठी उत्तरे येत आहेत. इतके कोटी रुपये, इतके एकर, इतके मेगावॉट. त्यामागची रीत मात्र गावासमोर क्वचितच मांडली जाते. हा विषय म्हणजे डेटा सेंटर. मराठीत त्याला ‘विदाकेंद्र’ असा शब्द घडवला गेला आहे. परंतु लोकांच्या तोंडी ‘डेटा सेंटर’ हाच शब्द आहे, म्हणून मीही तोच वापरीन.

या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार बेताचाच आहे. नोकरीची सारी वर्षे मी विजेच्या क्षेत्रात काढली. कुठे किती भार आहे आणि तो कोणी कोणासाठी उचलायचा, हा हिशेब करण्यात माझे आयुष्य गेले. त्याच हिशेबाच्या नजरेने मी या इमारतींकडे पाहतो.

प्रथम हे प्रकरण आहे तरी काय, ते पाहू. आपण मोबाइलवरून पैसे पाठवतो, नातवाचे छायाचित्र साठवतो, रेल्वेचे आरक्षण करतो, अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेला प्रश्नही विचारतो. ही सारी माहिती हवेत राहत नाही. ती कोणत्यातरी गावाच्या हद्दीतल्या, खिडक्या नसलेल्या, कुंपण घातलेल्या एका विशाल इमारतीत, कपाटांसारख्या मांडणीत रांगेने बसवलेल्या हजारो संगणकांत राहते. हे संगणक रात्रंदिवस चालतात. त्यांना वीज लागते. त्या विजेचे शेवटी उष्णतेत रूपांतर होते आणि ती उष्णता बाहेर काढावी लागते. वीज गेली तर क्षणभरही थांबता येत नाही, म्हणून आवारात डिझेलची मोठी जनित्रे सज्ज ठेवलेली असतात. वीज, पाणी, जमीन आणि अखंडता या चार गोष्टींवर हा सारा व्यवसाय उभा आहे.

आता थोडे अंकगणित करू. एक मेगावॉटचा भार वर्षभर अखंड चालला, तर ८७ लाख ६० हजार युनिट वीज लागते. शंभर मेगावॉटचे केंद्र पूर्ण भाराने चालले, तर वर्षाला ८७ कोटी ६० लाख युनिट. महिन्याला दोनशे युनिट वापरणारी मध्यमवर्गीय घरे आपण हिशेबाला घेतली, तर ही ३ लाख ६५ हजार घरांची वीज झाली. पाण्याचे गणित थोडे निराळे आहे. एक युनिट विजेतून निघालेली उष्णता पाण्याची वाफ करून बाहेर टाकायची, तर साधारण दीड लिटर पाणी लागते. याचा अर्थ, शंभर मेगावॉटची सगळी उष्णता याच पद्धतीने काढायची ठरवली, तर रोज सुमारे ३६ लाख लिटर पाण्याची वाफ होईल. नागरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी १३५ लिटर हे जे प्रमाण धरले जाते, त्या हिशेबाने हे पाणी २६ हजारांहून अधिक माणसांचे एका दिवसाचे पाणी ठरते.

अर्थात, प्रत्येक केंद्र असे पाणी वापरतेच असे नाही. घरातल्या वातानुकूलन यंत्राप्रमाणे हवेच्या साहाय्याने उष्णता बाहेर टाकता येते. मग पाणी वाचते, पण वीज अधिक लागते. थंड प्रदेशात बाहेरची हवा आयती मिळते, सांडपाणी शुद्ध करूनही वापरता येते. म्हणजे अभियंत्यापुढे पर्याय आहेत, आणि प्रत्येक पर्यायाची किंमत वेगवेगळ्या माणसांच्या पदरात पडते. पाणी वापरले तर ती विहिरीवर पडते. वीज वापरली तर वीजनिर्मिती केंद्राच्या आसपास राहणाऱ्यांवर आणि अखेर वीजग्राहकांवर पडते. हा पर्याय कोणी निवडायचा आणि निवडताना कोणाला विचारायचे, हा माझ्या आजच्या व्याख्यानाचा मुख्य प्रश्न आहे.

जगातल्या तीन गावांनी या प्रश्नाला तीन वेगवेगळ्या परिस्थितींत तोंड दिले. त्यांतून आपल्याला बरेच शिकता येईल.

पहिले गाव दक्षिण अमेरिकेतले. चिली देशाची राजधानी सांतियागो. तिच्या नैर्ऋत्येला सेरियोस नावाची वस्ती आहे. गूगल कंपनीने तिथे सुमारे २० कोटी डॉलर खर्चाचे डेटा सेंटर प्रस्तावित केले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्याला पर्यावरणविषयक परवानगी मिळाली. मध्य चिलीत २०१० पासून दीर्घ दुष्काळ चालू होता. अशा वेळी तिथल्या नागरिकांनी प्रकल्पाची कागदपत्रे स्वतः वाचायला घेतली. त्यांत त्यांना एक आकडा सापडला : सेकंदाला १६९ लिटर. सेकंदाचा आकडा लहान वाटतो. त्याला ८६,४०० ने गुणले की दिवसाचे सुमारे १ कोटी ४६ लाख लिटर होतात. सामान्य गृहिणींनी, नोकरदारांनी हा गुणाकार केला आणि पाण्यासाठी व परिसरासाठी ‘मोसाकात’ नावाची नागरिक संघटना उभी राहिली. त्यांच्या पाठपुराव्यामुळे कंपनीने पाण्याऐवजी हवेवर चालणाऱ्या शीतकरणाची तयारी दाखवली. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या पर्यावरण न्यायाधिकरणाने परवानगी अंशतः रद्द केली आणि हवामानबदलाचा भूजलावर होणारा परिणाम विचारात घ्यावा, असे बजावले. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने जुना प्रस्ताव सोडून, हवेच्या शीतकरणावर आधारित नवा प्रस्ताव सुरुवातीपासून मांडण्याचे जाहीर केले. मला इथे सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे की, तो आकडा कायद्याने दाखल करावाच लागणाऱ्या कागदात होता, म्हणून नागरिकांना तो सापडला. कागदच नसता, तर गुणाकार कशाचा केला असता?

दुसरे गाव अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातले, कोलंबिया नदीच्या काठचे द डॅलस. वस्ती सुमारे सोळा हजारांची. गूगलचे डेटा सेंटर इथे २००६ पासून आहे. २०२१ मध्ये तिथल्या एका वृत्तपत्राने साधा प्रश्न विचारला : हे केंद्र शहराचे किती पाणी वापरते? हे व्यापारी गुपित आहे, अशी भूमिका नगर प्रशासनाने घेतली आणि माहिती द्यावी लागू नये म्हणून ते न्यायालयात गेले. वर्षाहून अधिक काळ वाद चालला. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये तडजोड होऊन आकडे बाहेर आले, तेव्हा कळले की, २०२१ मध्ये या केंद्राने सुमारे १३४ कोटी लिटर पाणी वापरले होते आणि ते शहराच्या एकूण वापराच्या चौथ्या हिश्शाहून अधिक होते. आता विचार करा. वापर वाजवी होता की अवाजवी, हा निराळा प्रश्न. कदाचित शहराला मिळणाऱ्या करांच्या बदल्यात नागरिकांनी तो आनंदाने मान्यही केला असता. परंतु आपल्याच नळाचे पाणी कुठे जाते हे नागरिकांना कळू नये, म्हणून नागरिकांच्याच नगरपालिकेने न्यायालयाची पायरी चढावी, यापरती विसंगती कोणती?

तिसरे उदाहरण नेमके उलट बाजूचे आहे आणि ते सांगितले नाही, तर मी एकांगी ठरेन. आयर्लंडच्या गॉलवे परगण्यात अथेनराय नावाचे छोटे गाव आहे. ॲपल कंपनीने फेब्रुवारी २०१५ मध्ये तिथे ८५ कोटी युरोंचे डेटा सेंटर उभारण्याचे जाहीर केले. गावातल्या पुष्कळांना ते हवे होते. त्याच्या बाजूने तिथे मोर्चाही निघाला. मोजक्या आक्षेपकांनी अपील केले. नियोजन मंडळाने ऑगस्ट २०१६ मध्ये परवानगी दिली, उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ती उचलून धरली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे गेले आणि अखेर मे २०१८ मध्ये कंपनीने बेत सोडून दिला. त्याच दिवशी जाहीर झालेले डेन्मार्कमधील जोडप्रकल्पाचे काम मात्र पुढे गेले. अथेनरायमध्ये आक्षेप घेणाऱ्यांना आक्षेपाचा हक्क होता, यात शंका नाही. पण तीन वर्षांहून अधिक काळ गाव टांगणीला लागले आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांत तेढ आली. म्हणून सुनावणी हवी तशीच तिला मुदतही हवी, हे या उदाहरणावरून ध्यानात ठेवले पाहिजे. याच आयर्लंडमध्ये मोजलेल्या वीजवापरातला डेटा सेंटरांचा वाटा २०१५ मध्ये ५ टक्के होता, तो २०२३ मध्ये २१ टक्क्यांवर गेला. शहरांतील सगळ्या घरांनी मिळून त्या वर्षी वापरली १८ टक्के. एकेका गावाचा निर्णय मिळून देशाचा प्रश्न कसा होतो, हे यावरून दिसेल.

आता आपण आपल्या हैदराबादकडे येऊ. ॲमेझॉन कंपनीने नोव्हेंबर २०२० मध्ये तेलंगणात २०,७६१ कोटी रुपयांच्या डेटा सेंटरांची घोषणा केली. मायक्रोसॉफ्टने मार्च २०२२ मध्ये हैदराबादेत केंद्र उभारण्याचे जाहीर केले. शेजारच्या आंध्र प्रदेशात ऑक्टोबर २०२५ मध्ये विशाखापट्टणमसाठी गूगलने पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर गुंतवणुकीचा बेत मांडला. त्याची क्षमता मेगावॉटमध्ये नव्हे, गिगावॉटमध्ये मोजायची आहे. एक गिगावॉट म्हणजे एक हजार मेगावॉट. मघाच्या आपल्या गणिताला दहाने गुणा. हे प्रकल्प शहराच्या मध्यभागी येत नाहीत. ते येतात रंगारेड्डी जिल्ह्यासारख्या ठिकाणी, जिथे काल ज्वारी, तूर आणि भाजीपाला होता आणि जिथली शेती बव्हंशी बोअरवेलवर चालते.

पाण्याच्या बाबतीत या शहराला मोठा इतिहास आहे. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीच्या महापुराने हजारो माणसे बळी घेतली. त्यानंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने उस्मानसागर आणि हिमायतसागर हे दोन तलाव झाले, पहिला १९२० मध्ये, दुसरा १९२७ मध्ये. त्यांच्या पाणलोटात वाटेल ते बांधकाम होऊ नये म्हणून १९९६ मध्ये १११ क्रमांकाचा शासननिर्णय निघाला. त्याच्या कक्षेत ८४ गावे होती. २०२२ मध्ये ते निर्बंध उठवण्यात आले. शहर वाढले आणि आपण मांजरा, कृष्णा, गोदावरी असे दूरदूरचे पाणी आणू लागलो.

या मांजरेशी आपले मराठी माणसाचे नाते आहे. ती बीड जिल्ह्याच्या डोंगरांतून निघते, लातूरला पाणी देते आणि मग खाली तेलंगणात येते. २०१६ च्या उन्हाळ्यात तिच्यावरचे धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. १२ एप्रिल २०१६ रोजी पोचलेल्या पहिल्या गाडीत दहा टाक्या होत्या आणि पाच लाख लिटर पाणी होते. त्या गाडीचे स्वागत साऱ्या महाराष्ट्राने डोळ्यांत पाणी आणून केले. मघाशी आपण काढलेला रोजचा ३६ लाख लिटरांचा आकडा आठवा. तशा सात गाड्या रोज लागतील. दख्खनच्या पठारावर पाण्याचा आकडा कधीच निव्वळ आकडा नसतो, हे आपल्यातील ज्यांचे आप्त लातूर-बीडकडे आहेत त्यांना मी सांगण्याची गरज नाही.

मग आपल्या गावांना विचारले जाते का? सिमेंटचा मोठा कारखाना यायचा असेल, तर २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेनुसार जनसुनावणी घ्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. डेटा सेंटर असे स्वतंत्र नाव त्या अधिसूचनेच्या यादीत नाही. वीस हजार चौरस मीटरांहून मोठे बांधकाम म्हणून ते ‘इमारत’ या सदरात तपासले जाते आणि इमारतींना जनसुनावणीतून सूट आहे. ही सूट दिली गेली तेव्हा डोळ्यांसमोर राहण्याची घरे आणि कार्यालये असावीत. लाखो घरांइतकी वीज घेणारी इमारत तेव्हा कोणाच्या कल्पनेत असेल? दुसरीकडे, २०२२ पासून पाच मेगावॉट आणि त्याहून मोठ्या डेटा सेंटरांना केंद्र सरकारने पायाभूत सुविधेचा दर्जा दिला आहे. म्हणजे कर्जाच्या सोयीसाठी ती पायाभूत सुविधा आणि गावाला विचारण्याच्या बाबतीत ती साधी इमारत. एकाच वास्तूची ही दोन नावे आहेत आणि दोन्ही नावांचा लाभ एकाच पक्षाला मिळतो. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास सांगितला होता. गुजरात, तेलंगण यांसारख्या राज्यांनी पुढे दुरुस्त्या करून काही प्रकारच्या प्रकल्पांना त्यातूनही सूट दिली.

श्रोतेहो, ज्या इमारतीत जगाची माहिती साठवायची आहे, तिच्याविषयीची माहिती तिच्या शेजाऱ्याला नसावी, यात मला मोठा अन्याय दिसतो. मी या केंद्रांच्या विरोधात नाही. या सभागृहातील प्रत्येकाच्या खिशात त्यांचे एक दार आहे. आपली मुले-सुना याच क्षेत्रात नोकऱ्या करतात. परदेशी यंत्रांवर सारे अवलंबून न ठेवता देशाची माहिती देशात राहावी, हेही योग्यच आहे. आपण सोय भोगायची आणि तिचा भार मात्र दुसऱ्याच्या विहिरीवर, तोही न सांगता टाकायचा, हे मात्र आपल्या संस्कारात बसत नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. ज्या गावाच्या हद्दीत असे केंद्र येणार असेल, त्या गावाच्या ग्रामसभेपुढे परवानगीपूर्वी पाच आकडे, गावाच्या भाषेत, मांडलेच पाहिजेत. पहिला, विजेचा : कमाल भार किती, वर्षाचे युनिट किती आणि त्यासाठीच्या वाहिन्या व उपकेंद्राचा खर्च कोण देणार. दुसरा, पाण्याचा : एप्रिल-मे महिन्यांतल्या सर्वांत उष्ण दिवशी किती लागेल आणि ते कोठून येईल. वर्षाची सरासरी सांगून भागणार नाही; विहीर सरासरीने आटत नाही, ती मे महिन्यात आटते. तिसरा, जनित्रांचा : किती, महिन्यातून किती तास चालवून पाहणार, आवाज आणि धूर वस्तीपर्यंत किती पोचेल. चौथा, कामाचा : बांधकाम संपल्यावर कायम पटावर किती माणसे राहतील आणि त्यांत गावातली किती. एकर आणि कोटी यांच्या मानाने ही संख्या थोडी असते, हे आधीच सांगितलेले बरे. नंतरचा अपेक्षाभंग फार कडवट असतो. पाचवा, कराचा : औद्योगिक वसाहतीत कर गोळा करण्याचा अधिकार ग्रामपंचायतीकडे असतोच असे नाही, तेव्हा गावाच्या तिजोरीत नेमके किती पडेल. हे पाच आकडे नंतरही दरवर्षी पंचायतीच्या फलकावर लागावेत. सुनावणीला ठरावीक मुदत असावी, म्हणजे अथेनरायसारखे गाव टांगणीला लागणार नाही आणि गुंतवणूक करणाऱ्यालाही वेळेत उत्तर मिळेल.

कोणी म्हणेल, एवढे विचारले तर गुंतवणूक शेजारच्या राज्यात जाईल. हा धाक खोटा नाही; राज्याराज्यांत चढाओढ आहेच. पण म्हणूनच हा नियम एका राज्याचा न राहता देशाचा झाला पाहिजे. शिवाय सेरियोसचा अनुभव असा की, प्रश्न विचारल्यावर कंपनीने आराखडाच बदलला. चांगला अभियंता अवघड अटीतून चांगली रचना काढतो. अटच घातली नाही, तर तो स्वस्तातली रचना काढील आणि त्यात त्याचा दोष नसेल.

शेवटी या शाळेविषयी दोन शब्द. तेलुगू आणि उर्दूच्या मुलखात मराठी शाळा चालवणाऱ्या आपल्या पूर्वसूरींना एक गोष्ट पुरती ठाऊक होती : जे आपल्या भाषेत समजत नाही, त्यावर आपला अधिकार चालत नाही. २०२० मध्ये पर्यावरणविषयक नव्या अधिसूचनेचा मसुदा आठव्या परिशिष्टातील सर्व भाषांत उपलब्ध करावा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने दिला, तो याच तत्त्वाला धरून होता. आज रंगारेड्डी जिल्ह्यातील एखाद्या शेतकऱ्याच्या हाती शंभर पानांचा इंग्रजी अहवाल पडला, तर तो त्याच्यासाठी कोऱ्या कागदासारखाच आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांत अभियंते आहेत, वकील आहेत, हिशेबतपासनीस आहेत, शासनात उच्चपदी असणारे आहेत, आणि त्या बाजूला जमिनी घेतलेलेही असतील. आपल्यापैकी दहा जणांनी ठरवले, तर असा एखादा अहवाल वाचून, त्याचे पाच आकडे काढून, चांगल्या तेलुगूत एका पानावर उतरवून ग्रामसभेच्या हाती देणे अवघड नाही. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आपल्या मदतीला आहे. गावाने ‘हो’ म्हणायचे की ‘नाही’, ते गाव ठरवील. आपण त्याच्यासाठी निर्णय घेऊ नये. त्याच्या हाती रीत मात्र असली पाहिजे. गणिताच्या शिक्षकाचे स्मारक म्हणून यापेक्षा उचित काम मला सुचत नाही, आणि ते माजी विद्यार्थी संघाने याच वर्षी हाती घ्यावे, अशी माझी नम्र विनंती आहे.